पन्नास मीटरची रायफल जुळवताना

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले आणि त्या दिवसापासून आमच्या रेंजवर येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्नच बदलला. पूर्वी ते विचारत, पोराला नेमबाजी जमेल का. आता विचारतात, रायफल कुठली घ्यायची. गेल्या महिन्यात हातकणंगल्याकडचे एक शेतकरी गृहस्थ आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. मुलगा दोन वर्षे दहा मीटर एअर रायफल चांगली मारतो आहे आणि त्याला आता पन्नास मीटरकडे वळायचे आहे. वडिलांच्या मोबाइलमध्ये कोणीतरी पाठवलेली लांबलचक यादी होती: अमुक कंपनीची ॲक्शन (काडतूस भरण्याची आणि उडवण्याची यंत्रणा), तमुक कंपनीचा ॲल्युमिनियमचा स्टॉक म्हणजे दस्ता, परदेशी ट्रिगर, दोन प्रकारच्या साइट्स म्हणजे नेम धरायच्या चकत्या. त्यांनी सरळ विचारले, "सर, उसाचं बिल आलं की एवढं सगळं एकदम घेऊन टाकूया का?"

त्यांना तेव्हा जे उत्तर दिले ते तुटक होते, कारण रेंजवर मुले खोळंबली होती. गेली अठरा वर्षे मी स्वतः ही रायफल मारतो आहे आणि तिचा जवळजवळ प्रत्येक भाग एकदा तरी बदलून पाहिला आहे, म्हणून ते उत्तर येथे सविस्तर लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की रायफलचे भाग किती भारी आहेत यापेक्षा ते कोणत्या क्रमाने निवडले याला महत्त्व आहे, आणि तो क्रम बॅरल (गोळी जिच्यातून सुटते ती नळी) व काडतूस यांच्या जोडीपासून सुरू होतो.

लांब पल्ल्याच्या रायफलचा विषय निघाला की कोल्हापुरात जुन्या लोकांना अजून शिकार आठवते. दाजीपूरचे जंगल संस्थानकाळात शिकारीसाठी राखलेले होते. १९५८ साली तेच गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय आपल्याकडे संपला, जो संपायलाच हवा होता. माझा मामेभाऊ मात्र अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये राहतो, तेथे परवाना काढून एल्क या मोठ्या हरणाची शिकार करता येते, आणि गेल्या वर्षी त्याने स्वतःसाठी ६.५ क्रीडमोर या काडतुसाची रायफल भाग निवडून बनवून घेतली. आमचे फोनवर तासन्‌तास बोलणे झाले आणि दोन्ही रायफलींची गणिते शेजारी शेजारी ठेवल्यावर मला माझ्याच रायफलबद्दल काही गोष्टी अधिक स्पष्ट झाल्या. त्याला रायफल खांद्यावर टाकून दिवसभर डोंगर चढायचा असतो, म्हणून तो शंभर शंभर ग्रॅम वाचवतो. बॅरलही त्याने कार्बन फायबरचे वेष्टण असलेली घेतली. आम्हाला ८ किलोपर्यंत वजन चालते आणि जड रायफल स्थिर राहते, म्हणून आम्ही उलट वजने लावतो. त्याच्या दृष्टीने थंड बॅरलमधून सुटलेली पहिली गोळी हेच सर्वस्व. जनावर जखमी होऊन पळाले तर ते पाप आपल्या माथी, असे तो म्हणतो आणि ते मला पटते. आम्हाला मात्र साठ गोळ्या एकाच ठिकाणी टाकायच्या असतात, त्याही गुडघ्यावर, पडून आणि उभे राहून अशा तीन अवस्थांत वीस वीस. त्याला दुर्बीण हवी, आम्हाला ती नियमानेच वर्ज्य. इतके फरक असूनही दोघांच्या वहीत वरच्या दोन ओळी सारख्याच निघाल्या: आधी बॅरल, मग तिला मानवणारे काडतूस.

आमच्या प्रकारातील काडतूस म्हणजे पॉइंट टू टू लाँग रायफल. गोळी मेणाचा हलका लेप दिलेल्या शिशाची, व्यास ५.६ मिलिमीटर, वजन ४० ग्रेन म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. स्पर्धेचे काडतूस मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा थोडे हळू, सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटर या वेगाने उडते, कारण ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळी डळमळते आणि पन्नास मीटरवर ती डळमळ गुणांत दिसते. या गोळीसाठी सर्वसाधारणपणे सोळा इंचांत एक वेढा असा पीळ बॅरलमध्ये असतो. ॲन्शुट्झ, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, ब्लायकर, ग्र्युनिग आणि एल्मिगर ही नावे रेंजवर सतत कानावर पडतात आणि यांपैकी कोणाचीही चांगल्या स्थितीतील बॅरल आपल्यापैकी बहुतेकांच्या कौशल्यापेक्षा अधिक अचूक असते. म्हणून नावापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. एक, चेंबर, म्हणजे बॅरलमध्ये काडतूस बसते ती जागा, स्पर्धेच्या मापाचे आहे का. त्यात काडतूस सारताना गोळी शेवटी हलकेच आट्यांना, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचांना टेकते आणि तो किंचित विरोध बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा दांडा, बंद करणाऱ्या बोटांना जाणवतो. दोन, बॅरलचे तोंड. गोळी बॅरलचा निरोप घेते ती जागा हीच. तेथे बोटाच्या नखाएवढ्या भागात एक ओरखडा असला तरी मागून येणारा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला कलंडवतो. जुनी रायफल पाहायला गेलात तर आधी भिंग घेऊन तोंड पाहा, लाकडावरची पॉलिश नंतर पाहा. तीन, आधीच्या मालकाने ती कशी साफ केली. मार्गदर्शक नळी न वापरता पुढून सळई घालणाऱ्या माणसाने किती गोळ्या मारल्या याला फारसा अर्थ उरत नाही. गोळ्यांनी ही बॅरल सहसा झिजत नाही, सळईने झिजते.

आता काडतूस. नवीन मुलांना आणि विशेषतः पालकांना पटवायला हे सर्वांत अवघड जाते की एकाच कंपनीचे, एकाच किमतीचे, एकाच रंगाच्या डब्यातले काडतूस दोन वेगवेगळ्या लॉटमध्ये, म्हणजे कारखान्यात वेगवेगळ्या खेपांत बनलेले, वेगळे वागते. एलीचे टेनेक्स असो, लापुआचे असो की आरडब्ल्यूएसचे आर ५०, डब्यावर लॉट क्रमांक छापलेला असतो आणि खरी खरेदी त्या क्रमांकाची असते. युरोपातील मोठे नेमबाज थेट कारखान्याच्या चाचणी रेंजवर आपली रायफल घेऊन जातात, ती शिकंजात पकडून एकामागून एक लॉट मारून पाहतात आणि जमलेल्या लॉटची वर्षभराची काडतुसे तेथेच राखून ठेवतात. कोल्हापुरात बसून आपण एवढेच करू शकतो की जे लॉट आपल्यापर्यंत पोहोचतात त्यांचा एक एक डबा आधी मिळवायचा, चाचणी करायची आणि मग मोठी मागणी नोंदवायची.

मी ही चाचणी हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमारास करतो, कारण त्या वेळी वारा पडलेला असतो. सेकंदाला एक मीटर, म्हणजे तोंडावर जेमतेम जाणवेल अशी आडवी झुळूकसुद्धा पन्नास मीटरवर ही गोळी अंदाजे अर्धा सेंटीमीटर सरकवते. अशा हवेत काडतुसाची परीक्षा होत नाही, वाऱ्याची होते. रायफल वाळूच्या दोन पिशव्यांवर टेकवून प्रत्येक लॉटच्या दहा दहा गोळ्यांचे चार गट मारायचे आणि लॉट बदलल्यावर पहिल्या दहा गोळ्या मोजायच्या नाहीत, कारण बॅरलमध्ये आधीच्या काडतुसाचे मेण बसलेले असते. मग कागद टेबलावर पसरून व्हर्नियरने गटातील सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर घ्यायचे आणि त्यातून ५.६ वजा करायचे. जे उरते ते मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर.

या आकड्याचा अर्थ असा. पन्नास मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. गोळीची कड त्याला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजेच गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. त्यामुळे रायफल आणि काडतूस मिळून १६ मिलिमीटरच्या आत गट देत असतील तर निर्दोष सुटलेली प्रत्येक गोळी दहात बसेल. गट २२ मिलिमीटरचा असेल तर तुम्ही काहीही न चुकता काही गोळ्या नवात जातील आणि तुम्ही त्या चुका स्वतःमध्ये शोधत बसाल. मागच्या चाचणीत माझ्याकडे चार लॉट होते. सर्वांत महागड्या डब्याने १९ मिलिमीटरचे गट दिले आणि त्याच कंपनीच्या एक पायरी खालच्या काडतुसाने सलग चारही वेळा १५ च्या आसपास दिले. माझ्या शेजारच्या मुलाच्या रायफलने त्याच सकाळी नेमका उलटा कौल दिला. जोडी म्हणतो ती याचसाठी.

येथे वेगाचाही थोडा हिशेब सांगायला हवा. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तर हळू गोळी पन्नास मीटरवर सुमारे सात मिलिमीटर खाली लागते. म्हणून गट उभा लांबट दिसू लागला की मी आधी काडतुसाकडे पाहतो. गोळी आत असताना बॅरलही किंचित थरथरत असते. तिचे तोंड वर उचलले जात असताना हळू गोळी बाहेर पडली तर तिला थोडा चढा कोन मिळतो आणि ही तूट काही अंशी भरून निघते. बॅरलच्या पुढे लावायच्या नळीवर वजन पुढेमागे सरकवून ही वेळ साधता येते. हे खरे आहे आणि उपयोगीही आहे, पण पहिल्या दोन वर्षांत त्या वाटेला जाऊ नये. ज्याची पडून मारायची अवस्था अजून दर आठवड्याला बदलते त्याला वजन सरकवून काहीच कळणार नाही.

बॅरल आणि काडतूस ठरले की तिसरा क्रमांक स्टॉकचा. मुलांच्या यादीत तो पहिला असतो, कारण तोच डोळ्यांत भरतो. तुम्ही त्याला दस्ता म्हणा की स्टॉक, त्याचे काम शरीराची ठेवण आणि बॅरलची रेषा यांची गाठ घालण्याचे आहे. खांद्याला टेकणारी बट प्लेट किती मागे, तिचा वळलेला आकडा काखेखाली किती खोल, गालाखालचा चीकपीस किती उंच, पुढचा हात हँडस्टॉपला (हात अडवणाऱ्या खुंटीला) कुठे टेकतो, ही मापे प्रत्येकाची निराळी असतात आणि तिन्ही अवस्थांत पुन्हा बदलतात. कसोटी सोपी आहे. अवस्था घ्या, डोळे मिटा, दोन श्वास सोडा आणि डोळे उघडा. काळा ठिपका साइटच्या मध्यात आपोआप असेल तर स्टॉक तुमचा आहे, आणि मान वाकवून किंवा खांदा ढकलून तो मध्यात आणावा लागत असेल तर तुम्ही स्टॉकचे आहात. ॲल्युमिनियमच्या स्टॉकवर ही मापे सहज बदलता येतात आणि लिहून ठेवता येतात, हा त्याचा खरा फायदा. उभे राहून मारताना गालाला लाकूड मला अजूनही अधिक आपलेसे वाटते, हे माझे वैयक्तिक मत.

लाकडाबद्दल एक अनुभव मात्र सांगितलाच पाहिजे. माझी दुसरी रायफल मी जुनी घेतली होती, अक्रोडाच्या लाकडाचा स्टॉक, दिसायला देखणी. विकणाऱ्याने ॲक्शनचे बेडिंग (ॲक्शन स्टॉकमध्ये घट्ट बसावी म्हणून खाली दिलेला थर) नवे केले आहे असे छातीठोक सांगितले होते आणि मी ते उघडून न पाहता मान्य केले. मार्च ते मे ती रायफल सुरेख चालली. जुलैमध्ये कोल्हापूरचा पाऊस लागला आणि गट फाटू लागले; आज वर, उद्या डावीकडे वर. मी काडतूस बदलले, साइट बदलली, श्वासाची लय बदलली, शेवटी स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेऊन तपासणीही करून आलो. सहा आठवडे असेच गेले. मग एका संध्याकाळी रेंजवरच्या एका ज्येष्ठ नेमबाजांनी वहीचा एक कागद फाडला, बॅरल आणि स्टॉकच्या खोबणीमध्ये सारला आणि मागे ओढू लागले. तो चार बोटे सरकला आणि अडकला. ओल धरून लाकूड फुगले होते आणि बॅरलला एका बाजूने दाबत होते. स्टॉक उतरवल्यावर ते नवे बेडिंग म्हणजे लाखेसारखा एक पातळ थर निघाला, ॲक्शनच्या खाली निम्म्या भागात तर काहीच टेकत नव्हते. त्यानंतर जाणकाराकडून खोबण मोकळी करून घेतली, स्क्रूंच्या जागी ॲल्युमिनियमचे खांब बसवून इपॉक्सीचे रीतसर बेडिंग करून घेतले आणि लाकडाला आतूनही तेल दिले. तेव्हापासून ॲक्शनचे स्क्रू मी अंदाजाने आवळत नाही. माझ्या रायफलला ५ न्यूटन-मीटर मानवते आणि टॉर्कचा पाना माझ्या पेटीत कायम असतो. पावसाळ्यात दर रविवारी मी तो कागद सारून पाहतो.

ट्रिगरबद्दल फार लिहीत नाही. दोन टप्प्यांचा, साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास सुटणारा आणि दररोज तसाच सुटणारा असला म्हणजे झाले. चांगल्या रायफलसोबत येणारा ट्रिगर बदलण्याची गरज मला आजवर पडलेली नाही.

साइट्सवर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण येथे कमी पैशांत खूप मिळते. टार्गेटवरचा काळा भाग ११२.४ मिलिमीटरचा असतो. डोळ्यापासून पुढची साइट साधारण ९५ सेंटीमीटरवर असेल तर पन्नास मीटरवरचा तो काळा गोल तेथे जेमतेम २.१ मिलिमीटरचा दिसतो. त्याभोवती पुरेसे पांढरे कडे राहावे म्हणून मी पुढच्या साइटमध्ये ३.८ ते ४.२ मिलिमीटरची रिंग वापरतो. अगदी घट्ट रिंग घेतली की डोळा सतत काठ तपासत राहतो आणि बोट ट्रिगरवर अडखळते. पावसाळी अंधारलेल्या सकाळी मी मोठी रिंग लावतो, उन्हाळ्यात लहान. रिंगांचा एक संच आणि मागच्या डायॉप्टरला (डोळ्याजवळच्या छिद्राच्या साइटला) छिद्र लहानमोठे करण्याची सोय, एवढा खर्च स्टॉकच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे आणि पहिल्याच महिन्यात गुणांत दिसतो.

काही गोष्टी कोल्हापुरातच होतात आणि उत्तम होतात. बट प्लेटमागे घालायचे ५ मिलिमीटरचे ॲल्युमिनियमचे स्पेसर आणि पुढे लावायची शंभर शंभर ग्रॅमची पितळी वजने मी शिवाजी उद्यमनगरातील एका लेथवाल्या दादांकडून करून घेतली. त्यांनी कडा इतक्या निगुतीने मोडून दिल्या की रायफलच्या मूळ भागांशेजारी ती परकी वाटत नाहीत. गुडघ्यावर बसून मारताना घोट्याखाली ठेवायचा रोल मी चपलांच्या कारागिराकडून जाड कॅनव्हास आणि चामड्याचा शिवून घेतला. नियमानुसार तो २५ सेंटीमीटर लांब आणि १८ सेंटीमीटर व्यासाचा, त्याहून मोठा नाही, आणि आतले भरण थोडे थोडे कमी करत माझ्या घोट्याला बसेपर्यंत त्या कारागिरांनी तो तीन वेळा उसवून दिला. मात्र बॅरल, ॲक्शन, बोल्ट यांना असा हात लावायचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या भागांचाही समावेश होतो. ती कामे परवानाधारक शस्त्रविक्रेता किंवा दुरुस्ती करणाऱ्याकडेच, परवान्यावरील नोंदींसह व्हायला हवीत, आणि परवान्यासाठी अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे करायचा असतो. याला वेळ लागतो. तो वेळ वाया गेला असे मुलांना वाटते, पण त्या काळात क्लबच्या रायफलवर आपली मापे पक्की करता येतात, आणि ती मापे हातात असल्याशिवाय स्टॉक मागवणे म्हणजे पाय न मोजता चप्पल मागवणे आहे.

हातकणंगल्याचे गृहस्थ पुढच्या रविवारी मुलाला घेऊन पुन्हा आले. मुलाला आम्ही क्लबच्या रायफलमागे चटईवर पडायला लावले, पुठ्ठ्याचे तुकडे कापून बट प्लेटमागे आणि गालाखाली चिकटवले आणि डोळे मिटून उघडण्याची कसोटी दहा वेळा घेतली. सातव्या वेळेपासून काळा ठिपका मध्यात येऊ लागला. पुठ्ठ्यांची जाडी व्हर्नियरने मोजून त्याने स्वतःच्या वहीत लिहिली: मागे ११ मिलिमीटर, गालाखाली ६. वडील शेजारी उकिडवे बसून सगळे पाहत होते. या उसाच्या बिलातून त्याचे जॅकेट, हातमोजा आणि स्लिंग (रायफल हाताला बांधायचा पट्टा) एवढेच घ्यायचे ठरले आहे. परवान्याचे कागद लागले की रायफलच्या बॅरलची पाहणी करायला मी त्यांच्याबरोबर जाणार आहे, भिंग आणि कागदाची पट्टी घेऊन.